टेबल अस्सल, पण टॉप कुणाचा? मिड-सेंच्युरी टेबलांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. जुनी टेबलं शोधायची, गॅरेजमध्ये आणून दुरुस्त करायची, हा माझा शनिवार-रविवारचा उद्योग. ओळखीतल्या मराठी घरांतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "इस्टेट सेलमध्ये एक टेबल दिसतंय, ओरिजिनल आहे का हो?" (इस्टेट सेल म्हणजे अख्ख्या घराचं सामान विकायला काढणं.) सोबत फोटो येतो, तो हमखास वरून काढलेला. वरून काढलेल्या फोटोत टेबल नसतं, फक्त टॉप असतो. तेवढ्यावर काही सांगता येत नाही. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

मिड-सेंच्युरी म्हणजे नेमका कुठला काळ?

ढोबळमानाने १९४५ ते १९६९. युद्धात शिकलेल्या युक्त्या युद्धानंतर घरात आल्या. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याने अमेरिकन नौदलासाठी प्लायवुड वाकवून जखमी पायांना बांधायच्या पट्ट्या केल्या होत्या. तीच विद्या पुढे त्यांच्या खुर्च्या-टेबलांत उतरली. फायबरग्लास, ओतीव ॲल्युमिनियम, फॉर्मायका हे सगळं याच काळात दिवाणखान्यात आलं. डेन्मार्कमध्ये मात्र सुतारकीची जुनी परंपरा तशीच राहिली, फक्त लाकूड सागवान झालं.

अस्सल, व्हिंटेज, रिइश्यू, नक्कल: यात फरक काय?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. १९५८ साली नोल कंपनीने बनवलेलं ट्यूलिप टेबल (एकाच दांड्यावर उभं असतं ते) अस्सल, आणि गेल्या वर्षी नोलने बनवलेलंही अस्सलच. व्हिंटेज मात्र फक्त पहिलं. मधल्या काळात उत्पादन थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर त्या दुसऱ्या जन्माला रिइश्यू म्हणतात. परवान्याशिवाय बनवलेली ती नक्कल, मग ती कितीही सुबक असो आणि पन्नास वर्षं जुनी असो. हो, जुन्या नकला असतात! "माझ्या सासऱ्यांनी साठच्या दशकात घेतलंय" एवढ्याने टेबल अस्सल ठरत नाही, फक्त सासरे हौशी होते हे कळतं.

नोल आणि हर्मन मिलर या दोन जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या २०२१ पासून 'मिलरनोल' या एकाच छत्राखाली आहेत. इसामु नोगुचींचं काचेचं कॉफी टेबल अमेरिकेत हर्मन मिलरचं, युरोपात मात्र ते व्हिट्रा कंपनी बनवते. म्हणून व्हिट्राचं नाव दिसलं की लगेच नक्कल म्हणू नका.

टेबल बघायला गेल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

खाली वाका. लाज वाटत असेल तर पेन पाडा आणि उचलायला वाका. मोबाइलची बॅटरी लावून टॉपची खालची बाजू बघा. वरची बाजू लोक पुसतात, पॉलिश करतात, घासतात, रंगवतात. खालच्या बाजूला कुणी हात लावत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथेच दिसतं: लेबल, स्क्रू, रिकामी भोकं, कोळ्याची जाळी, गोंदाचे ओघळ, आणि कुणाच्या तरी नातवाने चिकटवलेलं च्युइंगगम.

एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. टॉप आणि पाय हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची आणि मग जुळते का ते पाहायचं.

लेबल सापडलं. म्हणजे काम झालं का?

अर्धंच. लेबल ज्या भागाला चिकटलंय, त्या भागापुरतंच ते बोलतं. ट्यूलिप टेबलाचं कागदी लेबल टॉपच्या पोटाला असतं. टॉप फुटला आणि बदलला, तर लेबलही गेलं. खाली अस्सल पाय उभा आणि पुरावा शून्य. उलटही होतं: अस्सल टॉप नकली पायावर बसवला की लेबल खरं आणि टेबल अर्धं खोटं.

लेबलवरचा पत्ता मात्र फार उपयोगाचा. नोलच्या लेबलवर न्यूयॉर्कचा '५७५ मॅडिसन ॲव्हेन्यू' हा पत्ता असेल तर साधारण पन्नासचं दशक, '३२० पार्क ॲव्हेन्यू' असेल तर साठचं. कंपनीचं नाव 'नोल असोसिएट्स' असेल तर जुनं; 'नोल इंटरनॅशनल' साधारण १९६९ नंतरचं. आजच्या ट्यूलिप टेबलाच्या पायावर कंपनीचं चिन्ह आणि एरो सारिनेनची सही उमटवलेली असते. गंमत अशी की सही दिसली की लोक खूश होतात, "डिझायनरने स्वतः सही केलीय!" सारिनेन १९६१ मध्येच गेले. सही असेल तर टेबल अलीकडचं.

ट्यूलिप टेबल ओळखायच्या खुणा कोणत्या?

एरो सारिनेन मूळचे फिनलंडचे, वाढले अमेरिकेत. टेबल-खुर्च्यांच्या पायांची गर्दी म्हणजे झोपडपट्टी, ती मला साफ करायची आहे, असं ते म्हणत. १९५७ मध्ये नोलने त्यांची एका खांबावरची टेबलं आणि खुर्च्या बाजारात आणल्या. वाइनच्या ग्लासासारखा एक दांडा, खाली पसरलेली बशी, वर गोल किंवा लंबगोल टॉप.

आधी दांड्याची रेषा बघा. अस्सल पायात जमिनीपासून टॉपपर्यंत वळण एकसंध वाहत जातं. बशी कुठे संपली आणि दांडा कुठे सुरू झाला ते बोटाने दाखवता येत नाही. नकलेत दांडा जाड असतो, नाहीतर बशीपाशी एक सांधा किंवा ठळक मोड दिसतो. मग टॉपची कड. तिला खालून तिरका छेद दिलेला असतो, त्यामुळे जाड टॉपही दुरून पातळ पात्यासारखा दिसतो. कड सरळ उभी कापलेली असेल तर तो टॉप मूळचा नाही, असं मी धरून चालतो.

तिसरी खूण मोजपट्टीची, आणि ती माझी सगळ्यात लाडकी. अमेरिकन टेबलं इंचांत बनली. ४८ इंची टॉप म्हणजे १२१९ मिलिमीटर, ५४ इंची म्हणजे १३७२. मेट्रिक टेप लावल्यावर चोख १२०० आला, तर तो टॉप इंचांच्या देशात जन्मलेला नाही.

लोहचुंबक लावून बघायचं म्हणतात, ते खरं का?

उपयोग आहे, पण लोक त्याला फार डोक्यावर घेतात. जुन्या ट्यूलिप जेवणटेबलांचे पाय पुष्कळदा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. चुंबक घट्ट चिकटतो आणि टेबल हलवताना कंबर आठवण करून देते. ॲल्युमिनियमच्या पायाला चिकटत नाही. पण नोलने ॲल्युमिनियमचे पायही केले आहेत. त्यामुळे चुंबक चिकटला नाही म्हणून नक्कल असा निकाल देऊ नका, आणि चिकटला म्हणून अस्सल असाही नाही. बीड ओतणं काही नोलची मक्तेदारी नव्हती.

पायावरचा पांढरा थर बघा. जुना रंग पिवळसर पडतो, बुटांच्या ठोकरांनी कडेला टवके उडतात. नंतरच्या पायांवर रिल्सन नावाचा नायलॉनच्या जातीचा थर असतो, हाताला किंचित मऊ लागणारा. हे रिल्सन एरंडेल तेलापासून बनतं. आजीने लहानपणी नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा इतका देखणा उपयोग होऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

'बर्क'चं ट्यूलिप म्हणजे काय? नक्कलच ना?

टेक्सासमधल्या डॅलसच्या बर्क कंपनीने त्याच काळात त्याच धाटणीची टेबलं आणि खुर्च्या बनवल्या. त्यांचा ओळखीचा पाय खाली गोल बशीचा नसून प्रोपेलरसारख्या चार पात्यांचा असतो. मूळच्या 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेत यानाच्या नियंत्रण कक्षात दिसणाऱ्या खुर्च्या बर्कच्याच. त्यामुळे बर्कला स्वतःचे चाहते आहेत, आणि बर्क म्हणून घेतलंत तर ती व्हिंटेज वस्तूच आहे. नोलच्या भावाने घेतलंत तर फसलात.

नोगुची टेबलाच्या नकला फार आहेत म्हणतात. अस्सल कसं ओळखू?

फार म्हणजे रस्त्यावर दर दुसऱ्या काचेच्या टेबलाला विकणारा "नोगुची" म्हणतो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इसामु नोगुची हे जपानी-अमेरिकन शिल्पकार. १९३९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष कॉन्गर गुडइयर यांच्यासाठी काच आणि शिसवी लाकडाचं एक टेबल केलं. नंतर रॉब्सजॉन-गिबिंग्ज या डिझायनरसाठी एक छोटा नमुना करून दिला. युद्धात जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. नोगुची स्वखुशीने ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत गेले होते. तिथे एका जाहिरातीत त्यांना आपल्याच नमुन्यावरून बनवलेलं टेबल दिसलं. परत आल्यावर गिबिंग्जना जाब विचारला, तर उत्तर मिळालं की तीन पायांचं टेबल काय, कुणीही करेल. त्या रागातून नोगुचींनी स्वतःच्या कल्पनेची नवी आवृत्ती केली आणि १९४७ पासून हर्मन मिलरने ती बनवायला घेतली. म्हणजे जगभर सर्रास चोरलं गेलेलं टेबल जन्मालाच चोरीच्या रागातून आलं.

आता खुणा. पायाचे दोन तुकडे असतात आणि ते दोन्ही हुबेहूब एकाच आकाराचे. एक सुलटा, एक उलटा, मध्ये धातूची खीळ. हे त्या डिझाइनचं मर्म आहे. बऱ्याच नकलांत एक तुकडा दुसऱ्याहून बारीक किंवा वेगळ्या वळणाचा असतो. काच पायावर नुसती ठेवलेली असते, फक्त वजनाने बसते; स्क्रू, गोंद, धातूच्या चकत्या दिसल्या तर पुढे जाऊ नका. माप सुमारे ५० बाय ३६ इंच, उंची पावणेसोळा इंच.

काचेची जाडी हा वय सांगणारा मोठा पुरावा. सुरुवातीच्या टेबलांची काच ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर. १९६५ च्या सुमारास ती पाऊण इंचावर, १९ मिलिमीटरवर आली. नकलांत १२ किंवा १५ मिलिमीटरची काच सर्रास दिसते. कड सपाट घासून पॉलिश केलेली असते, आरशासारखी तिरकी बेव्हल नसते. लाकूड अक्रोड किंवा बर्च, काही काळं रंगवलेलं. चेरीचे पाय फक्त अगदी सुरुवातीच्या काळातले, म्हणून ते सापडले तर हळू आवाजात बोला. उत्पादन १९७३ ला थांबलं, १९८० मध्ये मर्यादित संख्येत आलं, १९८४ पासून पुन्हा नियमित सुरू झालं. काचेच्या कडेला नोगुचींची कोरीव सही असेल तर टेबल २००० नंतरचं.

माझं पहिलं 'नोगुची' मी पाय बघून घेतलं. पाय खरोखर जुना, अक्रोडाचा, अस्सल. घरी आणून काचेला कॅलिपर लावला तर १२ मिलिमीटर. विकणाऱ्याने "काच तशी ओरिजिनलच" असं सांगितलं होतं. त्या 'तशी'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

काच किंवा टॉप बदललेला असेल तर टेबल घ्यायचंच नाही का?

असं अजिबात नाही. काच फुटते, संगमरवराला तडा जातो, सनमायका फुगतो. साठ-सत्तर वर्षांत टॉप बदलणं हा वापरल्याचा पुरावा आहे. माझ्या मते टॉप बदलणं हा दोष नाही, ते लपवणं हा आहे. किंमत मात्र त्या हिशेबाने ठरवा: जुना पाय आणि नवा टॉप असेल तर पायाचे पैसे व्हिंटेजचे द्या, टॉपचे आजच्या काचवाल्याच्या किंवा मार्बलवाल्याच्या भावाने.

उलट जोडी, म्हणजे जुना टॉप आणि नवा पाय, मी घेत नाही. या टेबलांत डिझाइन पायातच आहे.

टॉप बदललेला आहे हे ओळखायचं कसं?

टॉपच्या पोटाला रिकामी स्क्रूची भोकं आहेत का बघा. टॉप पायाला जोडणारी एखादी धातूची प्लेट तिथे वर्षानुवर्षं होती आणि आता नाही, तर तिची सावली लाकडावर राहते. तिथलं लाकूड वेगळ्या रंगाचं असतं. पायाची प्लेट आणि टॉपवरची सावली जुळली पाहिजे. प्लेट गोल आणि सावली चौकोनी असेल, तर हे लग्न दुसरं आहे.

स्क्रूची डोकी बघा. फिलिप्स डोकं तीसच्या दशकापासून आहे, म्हणून तेवढ्याने काही ठरत नाही. पण पॉझिड्राइव्ह, म्हणजे मुख्य फुलीच्या मध्ये आणखी बारीक रेघा असलेलं डोकं, साठच्या दशकातलं; पन्नासच्या टेबलात ते दिसलं तर कुणीतरी नंतर हात घातलाय. टॉपच्या गाभ्यात एमडीएफ, म्हणजे पुठ्ठ्यासारखा एकसंध तपकिरी लगदा दिसला, तर तो साठच्या दशकाच्या मध्याच्या आधीचा असूच शकत नाही. त्याआधी एमडीएफ कारखान्यांत बनतच नव्हतं. भुशाचा बोर्ड मात्र त्याआधीपासून आहे, त्यामुळे भुसा बघून नाक मुरडू नका.

भरीव लाकडाच्या गोल टॉपला एक सोपी चाचणी आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. दोन्ही दिशांनी व्यास मोजा. जुना भरीव टॉप किंचित लंबगोल झालेला असतो. चोख गोल निघाला तर त्याचं वय विचारा. प्लाय किंवा व्हिनियरच्या, म्हणजे वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या, टॉपला ही चाचणी लागू नाही.

नोगुचीला नवी काच करून घ्यायची आहे. काचवाल्याला काय सांगू?

जाडी १९ मिलिमीटर सांगा. पाय १९६५ आधीचा असल्याची खात्री असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर २२. आकार इंटरनेटवरच्या चित्रावरून काढू नका. मूळ काच फुटली असेल तर तुकडे फेकण्याआधी कागदावर जुळवून बाह्यरेषा काढून ठेवा. तेही नसेल तर ओळखीतल्या कुणाच्या अस्सल टेबलावर ब्राउन पेपर पसरून छाप घ्या.

वजनाचा अंदाज आधीच करा. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. ही काच १९ मिलिमीटरला चाळीस किलोच्या आसपास जाते. दोन माणसं लागतात.

घरात लहान मुलं असतील तर टफन, म्हणजे तापवून मजबूत, करून घ्या. जुनी जाड काच बहुधा टफन केलेली नसते आणि फुटली तर मोठे धारदार तुकडे होतात. टफन केल्यावर काच कापता किंवा घासता येत नाही, म्हणून आकार आणि कड आधी पक्की करा.

ट्यूलिपला संगमरवरी टॉप हवा आहे. पायाला झेपेल का? आणि आपल्या जेवणाला झेपेल का?

आधी पायाचं. ५४ इंची, २० मिलिमीटर जाडीचा गोल संगमरवर सुमारे ८० किलो भरतो. त्याला बसणारा पाय त्याच मापाच्या टेबलाचा हवा. लहान टेबलाच्या पायावर मोठा दगड ठेवला तर एका कडेला कोपर टेकवून उठणारा पहिला पाहुणा टेबल घेऊनच उठेल. जाड दगड घेऊन भार वाढवू नका. कडेला खालून छेद मागा, पातळपणाचा भास त्यातूनच येतो. बहुतेक मार्बलवाले स्वयंपाकघराच्या ओट्यासारखी गोल कड देऊ करतात. नको म्हणा, ट्यूलिपला ती शोभत नाही.

आता जेवणाचं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला आंबट चालत नाही. सोलकढी सांडली, लिंबाची फोड उपडी राहिली, चिंचेच्या कोळाचं भांडं टेकवलं, की तिथला झळाळ जातो आणि मंद पांढरट ठिपका उरतो. तो डाग नसतो, आम्लाने दगडाचा पृष्ठभागच खाल्लेला असतो. साबणाने जात नाही, पुन्हा पॉलिश करावं लागतं. हळदीचं वेगळं. ती दगडाच्या छिद्रांत शिरते. कंपनीच्या आजच्या टॉपवर पारदर्शक थर असतो, जुन्यावर तो असेलच असं नाही. रोज वरण-भात, आमटी, लोणचं असलेल्या घराला मी सरळ लॅमिनेट सुचवतो. लॅमिनेटचं ट्यूलिपही तितकंच अस्सल, संगमरवराइतकंच मूळ मालिकेतलं, आणि लोक ते कमी लेखतात म्हणून स्वस्त मिळतं.

ईम्सचं 'सर्फबोर्ड' टेबल कसं ओळखू?

नावाप्रमाणेच लांबलचक, ८९ इंची लंबगोल, तारेच्या दोन पायांवर. १९५१ ते १९६४ बनलं, १९९४ मध्ये परत आलं. कड तिरकी कापलेली असते आणि प्लायचे थर उघडे दिसतात. कडेला पट्टी चिकटवलेली दिसली तर विषय संपला.

याचा सनमायका खराब झाला म्हणून वरून नवा चिकटवू नका. वरचा थर नवा, खालचा जुना, की ओढ असमान होते आणि इतक्या लांब, पातळ टॉपला हळूहळू बाक येतो. शिवाय कड जाड दिसते ती वेगळीच.

डॅनिश सागवानी टेबल मोठं करायची जादा पानं वेगळ्या रंगाची आहेत. बदललेली असतील का?

उलट, मला ते बघून बरं वाटतं. सागवानाचा रंग उजेडाने बदलतो. टेबल रोज उजेडात, पानं मात्र वर्षानुवर्षं कपाटात किंवा टॉपच्या पोटात. दिवाळीला आणि पाहुणे आले तेव्हाच बाहेर. त्यामुळे रंगात फरक पडणारच. सगळं एकाच रंगाचं चकचकीत असेल तर कुणीतरी अख्खं टेबल घासून काढलंय, आणि तेव्हा व्हिनियर किती उरलंय ते बघा. बहुतेक डॅनिश टॉप भरीव सागवानाचे नाहीत, वर पातळ व्हिनियर आहे. आपल्याकडच्या सुतारांना सागवान म्हटलं की भरीवच वाटतं. रंधा किंवा सँडर चालवला की दोन मिनिटांत खालचं फिकं लाकूड डोकं वर काढतं. त्यावर इलाज नाही. कडेचे कोपरे आधी बघा, व्हिनियर तिथूनच उडतं.

खाली 'डॅनिश फर्निचर मेकर्स कंट्रोल'चा गोल शिक्का असेल तर चांगलंच. ही योजना १९५९ ची, त्यामुळे टेबल त्यानंतरचं. शिक्का कामाच्या दर्जाचा आहे, डिझायनरचा नाही. त्यावरून "हान्स वेग्नरचं आहे" म्हणणारा विक्रेता गोष्ट रचतोय.

शिसवी टेबल भारतात नेता येईल का?

ब्राझिलियन शिसव, म्हणजे डालबर्जिया नायग्रा, १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सर्वात कडक यादीत आहे. सीमा ओलांडायला परवाना लागतो, आणि लाकूड त्याआधीचं आहे हे कागदाने दाखवावं लागतं. डालबर्जियाच्या उरलेल्या जातीही २०१७ पासून दुसऱ्या यादीत आल्या. कंटेनर बुक करायच्या आधी परवान्याचं बघा. अक्रोड आणि सागवानाला ही कटकट नाही.

जॉर्ज नाकाशिमांच्या टेबलाचा टॉप बदलता येतो का?

नाही. या जपानी-अमेरिकन कारागिराच्या कामात टॉप हेच टेबल आहे. झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवलेली फळी, भेगेवर फुलपाखरासारखे लाकडी सांधे. फळी बदलली की नाकाशिमा उरत नाही. फळीच्या पोटाला अनेकदा गिऱ्हाइकाचं नाव शाईने लिहिलेलं असतं. ते खोडू नका, तोच दाखला. पेनसिल्व्हेनियात न्यू होपला त्यांची कार्यशाळा कन्या मीरा यांनी पुढे चालवली. जुन्या ऑर्डरच्या नोंदींशी ते नाव पडताळता येतं.

नाकाशिमांचा भारताशी संबंध खरा आहे. तीसच्या दशकात ते पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' वसतिगृहाच्या बांधकामावर होते. 'सुंदरानंद' हे नाव त्यांना तिथेच मिळालं.

भारतात मिळणाऱ्या 'चंदीगड' टेबलांचं काय?

पन्नासच्या दशकात चंदीगड उभं राहत होतं तेव्हा वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएचे चुलतभाऊ पिएर जान्रे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, कॉलेजं, ग्रंथालयांसाठी सागवान आणि शिसमाचं फर्निचर बनलं. कामाला स्थानिक सुतार, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन टेबलांची मापं तंतोतंत जुळत नाहीत. इथे मोजपट्टीची चाचणी उलटी चालते: चार टेबलं मिलिमीटरपर्यंत सारखी निघाली तर ती कालपरवाची.

कचेऱ्यांनी ही टेबलं भंगारात काढली, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलली आणि लिलावात त्यांचं सोनं झालं. मग जाग आली. प्रशासनाच्या मोजणीत १२,७९३ वस्तू वारसा म्हणून नोंदल्या गेल्या आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पुरावस्तू कायदा इथे लागू पडत नाही, कारण त्याची अट शंभर वर्षांची.

पायावर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर छापलेला असतो, त्यावर फार विसंबू नका. स्टेन्सिल आणि रंगाचा डबा कुणालाही मिळतो. मी टॉप बघतो. कचेरीत तीस वर्षं वापरलेल्या टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं, शाई, टाचणीच्या रेघा बसणाऱ्याच्या बाजूला जास्त असतात. नकलेवरची झीज सगळीकडे सारखी पसरलेली दिसते, जणू चारही बाजूंनी कारकून बसत होते.

चोर बाजारात किंवा ओशिवऱ्याला नोलचं टेबल मिळेल का?

आशा ठेवायला पैसे लागत नाहीत. पण तिथे जुन्या पारशी आणि इराणी घरांतलं, आर्ट डेको आणि वसाहतीच्या काळातलं फर्निचर बघायला जा, ते खरंखुरं देखणं असतं. ट्यूलिपसारखं काही दिसलं तर चुंबक आणि टेप खिशात असू द्या.

नक्कल विकत घेणं चुकीचं आहे का?

भारतात डिझाइन नोंदणीचं संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षांचं, तेव्हा जुन्या आकाराचं टेबल सुताराकडून करून घेतलं तर तो गुन्हा ठरत नाही. माझी तक्रार फक्त नावाला आहे. "ट्यूलिपसारखं" म्हणा, "ट्यूलिप" म्हणू नका. शिसवीचा आव आणलेल्या एमडीएफपेक्षा आपल्या सुताराने सागवानात केलेलं टेबल मी कधीही आनंदाने घेईन.

विकत घेताना पावतीवर काय लिहून घेऊ?

तीन ओळी पुरतात. पाय कुणाचा आणि साधारण कुठल्या काळातला. टॉप मूळचा की बदललेला, बदलला असेल तर केव्हा आणि कशाने. पॉलिश किंवा रंग पुन्हा केलाय का. प्रामाणिक विक्रेता हे दोन मिनिटांत लिहून देतो. "ते सगळं तोंडी सांगितलंय ना" असं म्हणाला, तर त्याचा चहा प्या, टेबल तिथेच सोडा. आणि घेतलंत तर मला फोटो पाठवा. खालून काढलेला.